कानस, गुण्या आणि अकरावीचा अर्ज

फिटरला सरकारी कागदावर जोडारी म्हणतात. टर्नर तो कातारी, वेल्डर तो संधाता, इलेक्ट्रिशियन वीजतंत्री आणि वायरमन तारतंत्री. बोलताना ही नावं कोणी वापरत नाही, पण दहावीनंतर आयटीआयच्या प्रवेशाच्या यादीत ती समोर आली की घरातली माणसं बावचळतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेली बरी.

जोडारीच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या हातात एक लोखंडी पट्टी आणि एक कानस, म्हणजे फाइल, येते. हॅकसॉने तुकडा कापायचा, व्हाइसमध्ये धरायचा आणि त्याची एक कड सपाट करायची. दहावी पास झालेल्या पोराला हे काम फारच किरकोळ वाटतं. तासाभराने तसं वाटेनासं होतं. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना कापत नाही; मागे येतानाही दाब तसाच ठेवला तर दात बोथट होतात. पुढे जाताना सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा दाब जास्त लागतो, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा. हा दाब वेळेवर बदलला नाही की कानस झोके खाते. मग कड दोन्ही टोकांना उतरते आणि मधे फुगते. व्हाइस कोपराच्या उंचीपेक्षा खाली असला की मुलगा वाकून वरून जोर लावतो आणि फुगवटा आणखी वाढतो. कानशीच्या दातांत कीस अडकून बसतो, तो चकचकीत झालेल्या कडेवर खोल ओरखडे काढतो. त्यासाठी मधूनमधून तारेच्या ब्रशने कानस साफ करायची आणि तिच्यावर खडू घासायचा.

यातलं काही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कड सपाट झाली असंच वाटतं. मग तिच्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावायचा आणि तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. कड खरोखर सपाट असेल तर गुण्याच्या पात्याखालून उजेड येत नाही. नसेल तर दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट दिसते. सुरुवातीला पाव मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पुढे एकात एक बसणारे दोन भाग करायचे असतात तेव्हा अधिक-उणे 0.04 मिलिमीटरच्या आत राहावं लागतं, आणि ते सगळं हाताने. माणसाचा केस साधारण त्याच्या दुप्पट जाड असतो.

ती फट दिसल्यावर पोरगा काय करतो, यावर माझ्या मते बरंच काही ठरतं. कोणी तुकडा तिथेच ठेवून ‘झालं सर’ म्हणतं. कोणी चिडून जोर लावतं आणि कड आणखी बिघडवून बसतं. आणि कोणी काही न बोलता उंचवट्यावर खडूची खूण करून परत व्हाइसकडे वळतं. तिसऱ्या प्रकारचा मुलगा दहावीला 52 टक्केवाला असू शकतो आणि 92 टक्केवालाही असू शकतो. गुणपत्रिकेवर याची कुठेच नोंद नसते.

घरात ‘दहावीनंतर काय’ ही चर्चा सुरू होते तेव्हा समोर फक्त टक्के असतात, आणि ते टक्के नेमके कशाचे, तेही कोणी नीट बघत नाही. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, पण टक्केवारी निघते उत्तम पाचांची. समजा एकाला मराठीत 88, संस्कृतात 95, इंग्रजीत 80, विज्ञानात 74 आणि सामाजिक शास्त्रांत 88 आहेत. बेरीज 425, म्हणजे 85 टक्के. त्याला गणितात 48 असतील, पण तो आकडा या टक्केवारीत कुठेच नाही. घरात, गल्लीत, नातेवाइकांत तो ‘85 टक्केवाला’ होतो, आणि 85 ला सायन्स घ्यायचं हे ठरलेलंच असतं. कोणाचं चुकतं असं नाही. आकडा समोर येतो आणि तोच निर्णय घेऊन टाकतो. त्यातही गणिताच्या 100 पैकी 20 गुण अंतर्गत असतात आणि ते बहुतेकांना भरभरून मिळतात. म्हणून बेरीज बाजूला ठेवावी. शाळेच्या सराव परीक्षेचे गणिताचे दोन्ही पेपर कपाटातून काढावेत, बीजगणिताचे 40 आणि भूमितीचे 40. मुलाने कुठली उदाहरणं सोडून दिली, कुठे अर्ध्यात थांबला, भूमितीत आकृती काढली की नुसतीच सिद्धता पाठ करून उतरवली, हे तिथे स्पष्ट दिसतं.

आता दुसरी गल्लत. ‘गणित जमत नाही ना, मग आयटीआयला घाला’ हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. लेथवर, म्हणजे तुकडा गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होणारा भाग, काढायचा तर काय करावं लागतं ते बघा. एका टोकाला 40 मिलिमीटर व्यास, दुसऱ्या टोकाला 30, मधली लांबी 50. दोन व्यासांतला फरक 10, त्याला लांबीच्या दुपटीने म्हणजे 100 ने भागायचं, 0.1 येतं. ज्या कोनाचा टॅन 0.1 तो कोन 5 अंश 43 मिनिटं, आणि कापायचं हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवायची. दहावीची त्रिकोणमिती इथे थेट हातात येते. 25 मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा गज मिनिटाला 30 मीटरच्या गतीने कापायचा तर लेथ मिनिटाला साधारण 380 फेऱ्यांवर लावावी लागते, आणि हा आकडा वर्तुळाच्या परिघाच्या सूत्रातून येतो. मिलिंगवर 12 दातांचं गिअर करायचं तर तुकडा मोजून फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडचं हँडल 40 वेळा फिरवलं की तुकडा एकदा फिरतो, म्हणून त्या 40 फेऱ्यांना 12 ने भागायचं. उत्तर 3 पूर्णांक एक तृतीयांश. तीन पूर्ण फेऱ्या, आणि वर 18 भोकांच्या वर्तुळावर 6 भोकं. अपूर्णांक पाचवीत पक्के झाले नसतील तर सातवा-आठवा दात कापेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि शेवटचा दात अर्धाच उरतो.

एक मात्र मी पाहत आलो आहे. फळ्यावरच्या टॅनला घाबरणारं पोर लेथवरच्या टॅनला तितकं घाबरत नाही. कोन चुकला तर टेपर आपल्या भोकात बसत नाही, डुगडुगतो, आणि ते हाताला लगेच कळतं. चुकीचं उत्तर तपासायला गुरुजी लागत नाहीत. काही मुलांना गणिताची भीती असते ती गणिताची नसतेच, त्याच्या कोरडेपणाची असते. अशा मुलांसाठी वर्कशॉप फार चांगली शाळा आहे. ज्याला आकड्यांचाच कंटाळा आहे त्याला मात्र टर्नर किंवा मशिनिस्ट हा आसरा नाही, आणि त्याला तिकडे ढकलणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा. काही ठिकाणी दहावी नापास मुलांसाठीही तो खुला असतो, म्हणून त्याला सगळ्यात खालची पायरी समजतात. त्यातलं कसब दिसायला वेळ लागतो. 3.15 मिलिमीटरची वेल्डिंगची साधी काडी साधारण 100 ते 130 अँपिअरवर चालते. आर्कची, म्हणजे काडी आणि धातू यांच्यातल्या विजेच्या ज्योतीची, लांबी काडीच्या जाडीएवढीच ठेवायची. काडी जळत आखूड होत जाते, म्हणून हात पुढे सरकताना त्याच वेळी खालीही येत राहिला पाहिजे. करंट जास्त झाला की जोडाच्या कडेला खाच पडते. कमी झाला की धातू वर नुसता बसतो, आत शिरत नाही. काडी पावसाळ्यात दमट झाली असेल तर जोडात बुडबुड्यांची भोकं राहतात. वरून गुळगुळीत दिसलेला जोड वाकवून बघितला की तुटतो. एक वर्ष त्यासाठी कमीच पडतं.

अकरावीकडे जावं ते कोणी? ज्याला सूत्र मिळाल्यावर ‘हे असंच का’ असं विचारल्याशिवाय चैन पडत नाही त्याने. न सुटलेलं उदाहरण रात्री परत उघडणाऱ्याने. ज्याला वाचनाचा, पुस्तकासमोर चार तास एकटं बसण्याचा त्रास होत नाही त्याने. अशा मुलाला ‘लवकर कमावता होईल’ म्हणून आयटीआयला घालणंही तितकंच चूक. अकरावी-बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र दहावीच्या पुढची पायरी नाही, दोन पायऱ्या आहेत. सदिश (व्हेक्टर), मर्यादा (लिमिट), अवकलन (डिफरन्शिएशन) हे सगळं एकदम अंगावर येतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेच्या पीसीएम गटात 200 गुण, त्यातले 100 एकट्या गणिताचे, बाकी 50-50 भौतिक आणि रसायनशास्त्राचे. अकरावीच्या अभ्यासक्रमावर 20 टक्के भार आणि बारावीच्या 80 टक्के. हे 20 टक्के ऐकून पुष्कळ जण अकरावी सोडून देतात. पण बारावीच्या अवकलनाखाली अकरावीच्या मर्यादा असतात आणि बारावीच्या त्रिकोणमितीखाली अकरावीची. अकरावीचा पाया कच्चा राहिला की पुढच्या 80 टक्क्यांनाच तडा जातो.

‘सायन्स घेऊन ठेव, सगळे रस्ते मोकळे राहतात’ हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो. तो खोटा नाही, अर्धा आहे. रस्ते मोकळे राहतात ते सायन्स जमलं तर. पन्नास टक्क्यांनी बारावी सायन्स झालेला मुलगा पुष्कळदा दोन वर्षांनी त्याच आयटीआयच्या त्याच ट्रेडला येतो, आणि त्याच्या शेजारच्या व्हाइसवर दहावीनंतर थेट आलेला मुलगा असतो. ही दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, इंग्रजी थोडं सुधारलेलं असतं, समज आलेली असते. पण क्लासच्या फीचे पैसे गेलेले असतात आणि आपल्याला काही जमत नाही हे मनात पक्कं बसलेलं असतं. ते निघायला कानशीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मधल्या मुलांसाठी एक जुनी सोय आहे, तिचं नाव द्विलक्षी. सायन्सलाच प्रवेश, पण 200 गुणांचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा पीकशास्त्रासारखा विषय सोबत. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

डिप्लोमा हा तिसरा रस्ता, आणि बरेचदा तो आयटीआय आणि अकरावी यांच्या बरोब्बर मधला समजला जातो. तसा तो नाही. प्रवेशासाठी दहावीला 35 टक्के पुरतात, म्हणून सोपा वाटतो. पहिल्या वर्षाला मात्र गणित, विज्ञान आणि ड्रॉइंग एकदम येतं आणि मराठी माध्यमातल्या मुलाला पुस्तकाच्या इंग्रजीशी झुंजावं लागतं. पहिल्या वर्षी केटी लागते, म्हणजे विषय राहतो, तो बहुधा गणिताचा. तीन वर्षांनी डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिटरची कानस हातात घेतलेला मुलगा दोन वर्षं आयटीआय, दोन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं इंजिनिअरिंग असं करत पदवीला पोचू शकतो. सात वर्षं. अकरावी-बारावी आणि चार वर्षं इंजिनिअरिंग मिळून सहा. फरक एका वर्षाचा, आणि हातात ट्रेड जास्तीचा. फक्त थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याच्या या दोन्ही ठिकाणी जपायचं. थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर पहिल्या वर्षाचं गणित कोणी शिकवत नाही, ते झालं आहे असं धरूनच पुढचं सुरू होतं. डिप्लोमातून इंजिनिअरिंगला गेलेली मुलं तिसऱ्या सत्राच्या गणितात अडकतात ती याच कारणाने. प्रवेश झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे आठवडे मागच्या वर्षाच्या गणितालाच द्यावे लागतात.

आयटीआय झालेल्याचा बारावीचा रस्ताही बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळते. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

पण आयटीआयचं खरं मोल ठरतं ते त्यानंतरच्या शिकाऊ उमेदवारीत, म्हणजे अप्रेंटिसशिपमध्ये. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि आयटीआय झालेल्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन त्या नियमांनी ठरवलं. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. नेमक्या याच वळणावर मुलं घसरतात. एखादा ठेकेदार ‘ट्रेनी’ म्हणून महिन्याला दोन-तीन हजार जास्त देतो, घरात पैशाची गरज असते, मुलगा तिकडे जातो. सहा-आठ महिने एकाच मशीनवर एकच पार्ट काढतो, मग ब्रेक देतात, आणि हातात ना प्रमाणपत्र ना दुसरं मशीन शिकलेलं. घराची गरज खरी असते, तिला नावं ठेवणं मला पटत नाही. पण उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेलाय का, एवढं पहिल्याच दिवशी विचारावं. करार नसेल तर ती उमेदवारी नव्हे, नुसती मजुरी.

आयटीआयच्या आतही दोन गोष्टी मुलांना उशिरा कळतात. हजेरी 80 टक्के लागते. ती भरली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही. आणि लेखी परीक्षेला 33 टक्के पुरत असले तरी प्रात्यक्षिकाला 60 लागतात. कॉलेजात चालतं तसं शेवटच्या महिन्यात वाचून पास होणं इथे जमत नाही. हात वर्षभर चालला नसेल तर परीक्षेच्या तुकड्यावर गुण्याखालची फट लपत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. शिवणकाम, ब्युटी पार्लर किंवा कॉम्प्युटर, एवढेच तीन ट्रेड त्यांच्यासमोर ठेवले जातात. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट त्यांनाही तितकेच खुले आहेत, राखीव जागाही असतात, आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचंच प्रमाणपत्र लागतं, शिवणकामाचं चालत नाही. कानशीला ताकद लागते हा गैरसमज आहे. तिला तोल लागतो.

अर्ज भरताना होणारी चूकही सांगतो. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. त्यामुळे मित्राने भरलं म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नये. आयटीआयच्या अर्जात प्रत्येक विकल्प म्हणजे संस्था आणि ट्रेड अशी जोडी असते. घरचे बहुतेक वेळा घराजवळची एक संस्था धरतात आणि तिथले सगळे ट्रेड ओळीने भरून टाकतात. इलेक्ट्रिशियनची यादी वरच्या टक्क्यांना बंद होते, आणि मुलाला दहाव्या ओळीतला, कधी नावही न ऐकलेला ट्रेड लागतो. उलट करावं. आधी एक किंवा दोन ट्रेड ठरवावेत, मग त्या ट्रेडच्या जवळच्या आणि लांबच्या संस्था ओळीने भराव्यात. एसटीने तासभर लांब असलेला आपला ट्रेड घराशेजारच्या परक्या ट्रेडपेक्षा बरा.

संस्था बघायला एकदा तरी जावं, तेही कामाच्या दिवशी, दुपारी. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि खासगी त्याहून जास्त, सगळ्या सारख्या कशा असतील? फिटरच्या वर्कशॉपमध्ये व्हाइस मोजावेत, वीस मुलांच्या तुकडीला वीस हवेत. लेथच्या खाली कीस पडलेला दिसला तर मशीन चालतं. लेथ स्वच्छ, रंगवलेली आणि कापडाखाली झाकलेली असेल तर चौकशी करावी. खासगी संस्थेत संलग्नता बघताना संस्थेचं नाव पुरत नाही. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (पूर्वी एनसीव्हीटीची) संलग्नता ट्रेडची आणि तुकडीची असते, आणि एका ट्रेडला असलेली मान्यता शेजारच्या ट्रेडला नसू शकते.

पण त्याच्याही आधी, मेच्या सुट्टीत, एक गोष्ट घरीच करता येते. हार्डवेअरच्या दुकानातून 50 बाय 6 ची लोखंडी पट्टी हातभर घ्यावी, दहा इंची भरड कानस आणि लहानसा गुण्या. काही शे रुपयांत सगळं येतं. व्हाइस कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे असतो, तासभर मागितला तर तो नाही म्हणत नाही. मुलाला 75 मिलिमीटरचा तुकडा कापायला सांगावा आणि कापलेली कड सपाट करायला सांगावी. दुसऱ्या दिवशी बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक, ते संकेतस्थळावर फुकट मिळतं, त्रिकोणमितीच्या प्रकरणावर उघडून समोर ठेवावं. सोडवलेली दोन उदाहरणं वाचू द्यावीत आणि तिसरं स्वतः करायला द्यावं. दोन्ही वेळी दोन-दोन तास. शेजारी बसू नये, घड्याळ बघू नये, जमलं का म्हणून विचारू नये. लांबून एवढंच बघावं की पहिल्या दिवशी तो तुकडा आणि गुण्या घेऊन आपणहून दाराशी, उजेडात किती वेळा जातो, आणि दुसऱ्या दिवशी खोडलेल्या ओळीखाली पुन्हा किती वेळा लिहायला घेतो.